मदत हवी आहे : आईला लकी ड्रॉमध्ये स्कूटर लागली, ३०% कर नक्की कुणाकडे भरायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या एका साडीच्या दुकानाने दिवाळीत खरेदीवर कुपनं दिली होती. सोडतीत आईच्या नावावर स्कूटर निघाली. घरात सगळ्यांना फार आनंद झाला, कारण आईने आजवर स्वतःच्या नावावर गाडी घेतलेली नाही.

आता दुकानदार म्हणतो, गाडीची किंमत ९५,००० रुपये, तिचे ३० टक्के म्हणजे २८,५०० आधी द्या, मग चावी. तेही मालकाच्या खासगी नंबरवर. पावती मागितली तर "नंतर बघू". कुपनामागे बारीक अक्षरात "सर्व कर विजेत्याने भरावेत" असं छापलेलं आहे, ते मान्य. पण आई गृहिणी आहे, वय ५४, उत्पन्न शून्य. चार लाखांपर्यंत कर नाही ना? मग हे पैसे कशाचे? आणि विवरणपत्र भरलं तर परत मिळतील का? आई भिशीचे पैसे काढून द्यायला निघाली आहे, मी थांबवलंय.

प्रतिसाद १
आईंचं अभिनंदन! कर मात्र खरा आहे. आयकर कायद्यात चिठ्ठ्या टाकून मिळालेलं बक्षीसही लॉटरीतच धरतात. त्यावर सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. करमुक्त मर्यादा, गुंतवणुकीवरची वजावट, यातलं काही इथे चालत नाही, त्यामुळे पूर्ण परताव्याची आशा धरू नका. रोख बक्षीस असतं तर १० हजारांच्या वर त्यांनी कापूनच दिलं असतं. वस्तू असली की कर भरला गेल्याची खात्री करूनच ती ताब्यात द्यायची, असं कायदा सांगतो. म्हणजे दुकानदार आधी मागतोय हे बरोबर, पण ज्या पद्धतीने मागतोय ती चूक.

प्रतिसाद २
खासगी नंबरवर एक रुपयाही टाकू नका, ताई. दुकानदार कर भरणार असेल तर त्याचा टॅन (कर कापून भरणाऱ्याला आयकर खातं देतं तो क्रमांक) मागा, पैसे दुकानाच्या खात्यात चेकने द्या, आणि आईंच्या पॅनवर कर भरल्याचं प्रमाणपत्र द्यायचं लेखी कबूल करून घ्या. आयकराच्या पोर्टलवर आईंच्या पॅनखाली त्याची नोंद लगेच दिसत नाही. दुकानाचं तिमाही टीडीएस (कापलेल्या कराचं) विवरण गेल्यावर दिसते.

त्यापेक्षा सोपं म्हणजे आयकराच्या पोर्टलवर आईंच्या पॅनवर तुम्हीच आगाऊ कर भरा. उपकरासकट २९,६४० होतात. चलानाची प्रत दुकानात द्या आणि पोच घ्या. दुकानामार्फत २८,५०० भरलेत तर उपकराचे १,१४० विवरणपत्राच्या वेळी भरावे लागतील.

विवरणपत्र भरायचंच आहे, टाळू नका. त्यासाठी आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ घ्या. आणि गाडीचं बिल, बक्षिसाचं पत्र आईंच्याच नावाने घ्या, आरटीओत नोंदणीला लागेल. नोंदणी आणि विम्याचा खर्च कुणाचा, तेही आत्ताच लिहून घ्या.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पूर्ण परतावा मिळणार नाही हे आईला सांगितलं, ती तरीही गाडी घ्यायचीच म्हणते. उद्या बाबांना घेऊन दुकानात जाते आणि टॅन मागते. नाही दिला तर चलान आम्हीच भरू. पोर्टलवर आईचं खातंच नाही, ते आधी उघडावं लागेल का?

प्रतिसाद २
नाही, कर भरायला लॉगिन लागत नाही. पॅन आणि मोबाइल नंबर पुरतो, ओटीपी येतो. विवरणपत्रासाठी मात्र खातं लागेल, ते सावकाश उघडा.