मामा वरणगाव फॅक्टरीत होता, यात भाच्याचा काय दोष?

रावेरचा मामा
भाचा व्हर्जिनियात, अमेरिकन नागरिक. नोकरीला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी, लागतो म्हणून एसएफ-८६ हा फॉर्म भरतोय. काल रात्री फोन: "मामा, तुम्ही फॅक्टरीत कधी लागले?" वरणगावच्या सरकारी फॅक्टरीत काडतुसं करण्यात माझा जन्म गेला, एक मेमो नाही. आणि आता मी तिकडे शंकेचा माणूस? मेव्हणे गेल्यावर वारसाने केळीच्या शेताच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं, तेही लिहायचंय म्हणे. मामाच्या नोकरीवरून भाच्याची निष्ठा मोजणार का?

तापीकाठ
निष्ठेचा प्रश्नच नाही, भाऊ. क्लिअरन्सच्या २०१७ पासूनच्या नियमावलीत 'परकीय प्रभाव' हे कलमच वेगळं आहे. त्यात एवढंच बघतात, की तुम्हाला किंवा त्याच्या आईला धरून कुणी त्याला वाकवू शकेल का. देश कोणता, नातेवाईक तिथल्या सरकारच्या नोकरीत आहेत का, तो घरी पैसे पाठवतो का, हे सगळं जमेस धरतात. तुमची फॅक्टरी त्यामुळेच आली.

आखाजीची माहेरवाशीण
म्हणजे ज्याला मागेपुढे कुणी नाही तोच विश्वासू! आमच्या घरच्या ग्रुपवर दीडशे माणसं, सगळी भाऊबंदकी. कुणाकुणाची नावं लिहायची?

तापीकाठ
दीडशे नाही हो. आई-वडील, भावंडं, सासू-सासरे यादीत थेट येतात. मामा परदेशी संपर्काच्या रकान्यात, तेही सात वर्षांत जवळचा किंवा चालू संबंध असेल तर. ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकणारा मोजत नाहीत.

रावेरचा मामा
आमचा दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो.

तापीकाठ
मग लिहावंच लागेल. लपवलं तर ते नात्यापेक्षा महागात पडतं.

भुसावळ शेड
मामा, आपण तरी काय वेगळं करतो? सरकारी नोकरीच्या अटेस्टेशन फॉर्मवर वरच छापलेलं असतं, खोटी माहिती दिली की अपात्र. पोरं परदेशात असतील तर तेही विचारतात. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तर परदेशी नागरिकाशी लग्न केलं की सरकारला लगेच कळवायचं.

आखाजीची माहेरवाशीण
कळवणं वेगळं, त्यावरून नाकारणं वेगळं. चूक कुणाची नाही आणि पोरगं घरी बसणार. हा कुठला न्याय?

तापीकाठ
न्यायाचा मामला नाहीच तो. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच म्हटलंय. शंका उरली तर देशाच्या बाजूने निकाल. मला हे कडक वाटतं, पण चुकीचं वाटत नाही. आणि नुसतं नातं आहे म्हणून बाद करत नाहीत. त्याचं घर, बायकापोरं, बचत तिकडे असेल तर केळीच्या शेतातला हिस्सा किरकोळ ठरू शकतो.

रावेरचा मामा
हिस्सा किरकोळ, हे बहिणीसमोर बोलू नका. ती म्हणते, हक्कसोडपत्र करून सातबाऱ्यावरून नाव काढून टाकू, पण पोराचं अडू नये. मीच अडवलंय. बापाची जमीन आहे ती. रुजू झाल्याची तारीख जुन्या सर्व्हिस बुकाच्या झेरॉक्सवर आहे, आज ट्रंक उघडतो.