टायगर वूड्ससाठी मी ओरडलो, ते चुकलं का?

मांगरातून (देवगड)

इथे गोल्फ बघणारे किती आहेत ठाऊक नाही, तरी विचारतो. मी सात वर्षं दुबईत गोल्फ कोर्सवर गवत राखायला होतो. पहाटे चारला ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरचं, दव लांब काठीने झाडायचं, मग मशीन फिरवायची, बंकरची म्हणजे मैदानातल्या खड्ड्यांची वाळू दंताळ्याने सारखी करायची. ग्रीनवरचं गवत तीन-साडेतीन मिलिमीटरच ठेवतात. भाताच्या तरव्यालासुद्धा आपण एवढं जपत नाही.

2008 च्या डेझर्ट क्लासिकला, म्हणजे दुबईतल्या गोल्फ स्पर्धेला, शेवटच्या दिवशी टायगर चार फटके मागून सुरुवात करत होता. त्या दिवशी 65 फटक्यांत फेरी संपवली (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं बरं) आणि एका फटक्याने जिंकला. मी दोरीबाहेर उभा होतो. आम्ही राखलेल्या त्या गवतावर त्याचा बॉल कुठे वळणार हे त्याला आमच्याआधी कळत होतं. तेव्हापासून तो माझा माणूस.

मग 2009 मध्ये त्याच्या बाहेरच्या बायकांची ती सगळी भानगड बाहेर आली. वाईट वाटलं, पण ते त्याचं आणि त्याच्या बायकोचं, म्हणून मी बाजूला ठेवलं. मे 2017 मात्र बाजूला ठेवता येत नाही. फ्लोरिडात रात्री रस्त्याकडेला इंजिन चालू, दोन टायर बसलेले आणि हा स्टीअरिंगवर झोपलेला. दारू नव्हती. वेदनेच्या नि झोपेच्या गोळ्या धरून पाच अमली द्रव्यं अंगात सापडली.

माझा भाचा 2016 मध्ये कणकवलीच्या अलीकडे महामार्गावर अपघातात गेला. समोरच्या टेम्पोवाल्याचा डोळा लागला होता. एकोणीस वर्षांचा होता पोर.

तर 14 एप्रिल 2019. हंगाम भरात, रात्री आम्ही मांगरात आंब्याच्या पेट्या भरत होतो, सकाळी टेम्पो वाशीला निघायचा होता. पेंढ्यावर फोन उभा करून मी मास्टर्स, म्हणजे अमेरिकेतली ती मोठी गोल्फ स्पर्धा, बघत होतो. बाराव्या होलवर पुढे असलेल्या मोलिनारीचा बॉल पाण्यात गेला. टायगरने झेंड्याकडे न बघता ग्रीनच्या मधोमध मारला. त्रेचाळीस वर्षांचा, पाठीवर चार शस्त्रक्रिया झालेला माणूस, आणि डोकं इतकं थंड! इकडे मध्यरात्रीच्या सुमारास शेवटचा पट, म्हणजे होलमध्ये ढकलायचा हलका फटका, आत गेला आणि मी उठून ओरडलो. समोर ताई बसली होती, भाच्याची आई. ती म्हणाली, "कोण जिंकलं?" मी सांगितलं. कोण तो, काय केलं त्याने, तिने सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, 2017 सकट. ती काही न बोलता पुढची पेटी भरायला लागली.

तो पुन्हा खेळणार असं कुठे वाचलं की ती रात्र आठवते. अशा माणसासाठी ओरडावं का?

खाडीपलीकडे

भाऊ, ओरडावं. त्याला फुकट काही मिळालेलं नाही. कोर्टात बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा कबूल केला, वर्षभर प्रोबेशनवर होता. क्रमवारीत 1199 पर्यंत खाली गेला होता. पहिल्या नंबरवर 683 आठवडे राहिलेला माणूस! मणक्याची हाडं जोडून घेऊन परत आला. माझी स्वतःची पाठ गेलेली आहे, जाळी ओढून. डॉक्टरने वाकू नको सांगितलं तेव्हा मी होडी विकली. म्हणून मला त्याचं पहिलं पाऊलसुद्धा मोठं वाटतं, कप नंतरचा.

सुरंगी

"त्याचं आणि त्याच्या बायकोचं" हे वाक्य मला पटलं नाही. ती बाजूला ठेवायची गोष्ट नव्हती. दुसरं मूल वर्षाचंसुद्धा झालेलं नव्हतं तेव्हा हे सगळं जगासमोर आलं. फेब्रुवारी 2010 मध्ये त्याने सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागितली. आयुष्यभर एवढे कष्ट केले तेव्हा आपल्याला हवं ते करायचा हक्क आहे असं वाटत होतं, हे त्याने स्वतः कबूल केलं. ते त्याचं सगळ्यात खरं बोलणं. पण तो हक्क त्याच्या डोक्यात घातला कोणी? आपणच ना, टाळ्या वाजवून? त्याच्या बायकोने, एलिनने, त्याच वर्षी घटस्फोट घेतला आणि गप्प राहून मुलं वाढवली. तिच्यासाठी दोरीबाहेर कोणी उभं नव्हतं.

मी बंदी घाला म्हणत नाही. खेळू दे. पण 2019 ला सगळे "झालं गेलं धुऊन निघालं" असं लिहीत होते, त्याचा मला राग येतो. पट आत गेल्याने काय धुतलं जातं?

तिठ्यावरचो

माका गोल्फ कळना नाय, दशावतार कळता. आमच्या जत्रेक एक राजा येय. रंग लावन उभो रवलो की अंगार काटो येय. घराकडे बायलेक मारी, ह्या सगळ्यांका ठावक होता. माजो आजो रात्री तेका हात जोडी आणि सकाळी तिठ्यार तो दिसलो तर तेच्याशी बोलना नसा. मी म्हणतंय तसाच करूचा.

मांगरातून (देवगड)

सुरंगी, तुमचं मान्य. ते वाक्य मी पुन्हा तसं लिहिणार नाही.

तिठ्यावरचो, तुमचे आजोबा मोठे. पण राजाचा रंग सकाळी उतरतो, ह्याचा कुठे उतरतो? फेब्रुवारी 2021 मध्ये पुन्हा गाडी उलटली. ताशी 72 किलोमीटरच्या रस्त्यावर 135 च्या वर वेग. दुसऱ्या कोणाला लागलं नाही हे नशीब, त्याच्या मात्र पायाचे तुकडे झाले. तोच पाय घेऊन पुढच्या वर्षी मास्टर्सला ऑगस्टाच्या मैदानाच्या चढउतारावर चार दिवस चालला, 47 वा आला. ते बघताना मला रडू आलं आणि त्याच वेळी तो वेगाचा आकडाही डोक्यातून जात नव्हता. दोन्ही एकाच माणसाचं, कसं वेगळं करू?

खाडीपलीकडे, तुमची होडी वाचून गलबललो. तुम्ही त्याच्यासाठी ओरडलात तर मला काही म्हणायचं नाही.

काल शेवटी मी ताईलाच विचारलं. टायगरचं नाही, त्या टेम्पोवाल्याचं. तो पुन्हा गाडीवर लागलाय, आमच्याच फाट्यावरून जातो. मला वाटलं ती चिडेल. ती आढीतले आंबे उलटत होती. म्हणाली, "चालवू दे. पोरं आहेत त्याला, खाणार काय? पण आपल्या घरावरून जाताना हॉर्न मारू नको म्हणावं."

एप्रिलात तो खेळला तर मी बघणार आहे. पेट्या तेव्हाही भरायच्या असतील. ताई मांगरात असेल त्या रात्री फोन घरी ठेवीन.