मदत हवी आहे: कंदीलपुष्पाचे कंद कुंडीत जगतात का? (तातडीचं)

माळावरचा: सोमवारी जेसीबी येतोय. आमच्या माळावर कंदीलपुष्पाची, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानझाडाची, वीसेक झाडं आहेत. पुढच्या पावसाळ्यातल्या वृक्षलागवडीसाठी तिथेच चर मारणार आहेत. कंद काढून घरी लावले तर जगतील का? किती खोल खणायचं? लवकर सांगा.

रानवाटा: कुठलं कंदीलपुष्प? सह्याद्रीत खूप जाती आहेत. वेल आहे की ताठ झाड? फोटो टाका.

माळावरचा: कंदीलपुष्प म्हणजे कंदीलपुष्प! फोन दुरुस्तीला दिलाय.

बाल्कनीवाली: कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी. माझी हृदयाच्या पानांची सेरोपेजिया (कंदीलपुष्पाचंच शास्त्रीय नाव) झुलत्या कुंडीत चार वर्षं मजेत आहे.

रानवाटा: ताई, ती आफ्रिकेतली, नर्सरीत मिळते. इथली माळावरची लाडावली की कुजतात.

गुराखी७: आम्ही खरपुडी म्हणायचो. कंद उकडून मीठ लावून खायचो. काय चव!

रानवाटा: म्हणूनच उरली नाही. साळिंदरं उकरतात ते वेगळंच.

गुराखी७: चार पोरांनी खाल्ली म्हणून संपली का? माळ नांगरले, प्लॉट पाडले, ते कोण बोलणार?

हिरवाई: पण झाडं लावण्यात वाईट काय आहे? पडीक जमीन तर आहे.

रानवाटा: सरकारी कागदावर पडीक. त्यावर गिरिपुष्पासारख्या भराभर वाढणाऱ्या लागवडीच्या झाडांची दाट सावली आली की उघड्या माळावरचं गवत आणि ही फुलं, दोन्ही जातात.

सहलप्रेमी: कासचं बुकिंग ऑनलाइनच करावं लागतं का?

माळावरचा: अहो, माझं काय? झाड ताठ आहे, हातभर. पानं अरुंद. फुलं संपली, आता शिंगांसारख्या जोड शेंगा आहेत.

रानवाटा: हे आधी सांगायचं ना! मग आत्ता कंदाला हात लावू नका. पोसणाऱ्या शेंगा फुकट जातील. झाड वाळलं की कंद झोपतो, हलवायचाच तर तेव्हा. आज शेंगांना मलमलची पुरचुंडी बांधा, नाहीतर तडकल्या की म्हातारीसारखं बी उडून जाईल. प्रत्येक झाडाशी खुंटी ठोका. नेमकी जागा इथे लिहू नका. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा, त्यांनी या जातींवर बरंच काम केलंय. आणि जमीन कोणाची? वनखात्याची असेल तर वनरक्षकाला गाठा.

माळावरचा: गायरान आहे. ठराव ग्रामपंचायतीचा.

गुराखी७: मग सरपंचांना भेटा! चर वीस-तीस फूट सरकवायला काय लागतं?

माळावरचा: सरपंच माझे चुलते आहेत.

हिरवाई: 🤦

गुराखी७: अरे मग इथे काय करतोयस?

माळावरचा: बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे.

बाल्कनीवाली: पुरणपोळी घेऊन जा.

माळावरचा: सात शेंगा बांधल्या, खुंट्या ठोकल्या. काकांकडे आईला पाठवलंय. अजून आली नाही.