अकोल्याच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंग करावे का? नव्या डेस्कटॉपच्या जुळणीसाठी सल्ला हवा

धागाकर्ती :

नमस्कार. मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरचा डेस्कटॉप २०१३ साली घेतलेला असून त्यात कोअर आय५-४५७० प्रोसेसर आहे. विंडोज १० ची अधिकृत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ हा प्रोसेसर स्वीकारत नाही, त्यामुळे बारा वर्षे इमानाने चाललेल्या या यंत्राला आता निरोप द्यावा लागणार आहे. नव्या संगणकावर माझ्या तासांच्या व्हिडिओंचे संपादन होईल आणि अकरावीतला मुलगा गेम खेळेल. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जुनेच ठेवायचे असून बाकी सर्वांसाठी एक लाख रुपये बाजूला काढले आहेत.

येथील एका दुकानदाराने दिलेल्या कोटेशनमध्ये कोअर आय५-१४६००के, बी७६० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम पट्टी आणि कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. मुलाने मात्र ‘पाच पूर्णांक पाच गिगाहर्ट्झ’ हा एकच जप चालवला आहे आणि ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, आपण घरीच करू, असे तो म्हणतो. माझी अडचण उन्हाळ्याची आहे. खोलीत एसी नाही, डेझर्ट कुलर आहे, आणि मे महिन्यात वीज गेली की खोलीचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अशा ठिकाणी ओव्हरक्लॉकिंग करणे शहाणपणाचे ठरेल का, आणि करायचे असल्यास कोणते भाग घ्यावेत?

प्रतिसाद १ :

ताई, ते कोटेशन आधी परत करा. प्रोसेसरच्या नावातील ‘के’ हे अक्षर त्याचा गुणक (ज्याने मूळ घड्याळाचा वेग गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) खुला, म्हणजे बदलता येण्याजोगा, असल्याची खूण आहे आणि त्या अक्षरासाठी आपण जास्त पैसे मोजतो. पण इंटेलच्या बाजूला गुणक बदलण्याची मुभा फक्त झेड मालिकेच्या चिपसेटवर मिळते. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. म्हणजे दुकानदाराने ओव्हरक्लॉकिंगचा प्रोसेसर दिला आणि ते करता येणार नाही असा मदरबोर्ड त्याच्या गळ्यात बांधला. शिवाय तो प्रोसेसर पूर्ण भाराखाली १८१ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि तेवढी उष्णता अकोल्यात मे महिन्यात कुठे सोडणार?

प्रतिसाद २ :

या धाग्याने जुने दिवस आठवले. १९९८ साली सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. त्याचा गुणक साडेचार असा पक्का बांधलेला होता, पण बसचा (मूळ घड्याळाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून मी तो आणला होता आणि पहिल्याच रात्री तो ४५० वर चालला, तेव्हा झालेला आनंद अजून विसरलेलो नाही. पुढे एएमडीच्या ड्यूरॉन प्रोसेसरवरचे तुटलेले पूल (बारीक विद्युत जोड) शिसपेन्सिलीने जोडून गुणक खुला करण्याचाही काळ येऊन गेला.

हे सांगण्याचे कारण असे की ती पन्नास टक्क्यांची फुकटची वाढ आता उरलेली नाही. त्या काळी कंपनी प्रोसेसर एका ठरावीक वेगावर बांधून विकायची आणि त्याच्या अंगात असलेली बाकीची ताकद आपल्याला सापडायची. आता प्रोसेसर स्वतःच तापमान, विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज सतत मोजून जमेल तितका वेग घेतो. मुलाचा हिरमोड करायचा नाही, पण ‘५.५’ हा आकडा विसरायला त्याला मदत करा.

प्रतिसाद ३ :

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत होऊन जरा सविस्तर लिहितो, कारण मीही विदर्भातच राहतो आणि ही चूक स्वतः करून बसलो आहे.

प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्यावा. सहा कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग), बारा थ्रेड, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट (स्वतःहून घेतलेला वरचा वेग) आणि प्रत्यक्ष वीजवापराची मर्यादा ८८ वॅट, हे गणित आपल्या हवामानाला मानवते. त्याच्यासोबत खोक्यात पंखा मिळतो, पण तो फक्त पहिल्या दिवशी संगणक सुरू होतो का हे पाहण्यापुरता वापरून १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कुलर घ्यावा. (आपल्याकडे ‘कुलर’ म्हटले की लोक वाळ्याच्या ताट्यांकडे पाहतात, दुकानात ‘प्रोसेसरचा’ हा शब्द न विसरता लावावा.) मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा असावा. ए६२० स्वस्त दिसतो, पण त्यावर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही. या प्रोसेसरचे एएम५ हे सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते. कोटेशनमधल्या इंटेल प्रोसेसरच्या एलजीए १७०० सॉकेटची वाट मात्र तेथेच संपलेली आहे.

रॅम एकच पट्टी कदापि घेऊ नये, कारण एका पट्टीने मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. तसेच आज दोन आणि पुढे आणखी दोन, असाही बेत करू नये. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, तर चार पट्ट्या लावल्या की तो ३६०० वर येतो. म्हणून १६ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच, डीडीआर५-६००० वेगाचा आणि ‘एक्स्पो’ प्रोफाइल (रॅम जाहीर वेगावर चालवणारी तयार मांडणी) असलेला घ्यावा. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून फार चढले आहेत, त्यामुळे येथे हात आखडता घेण्याचा मोह होईल. पण कात्री लावायचीच असेल तर ती काचेच्या आणि रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटला लावा. समोरून जाळी असलेले साधे कॅबिनेट घ्या. समोर काच लावली की हवा आत शिरते कोठून, याचे उत्तर मला अजून कोणत्याही विक्रेत्याने दिलेले नाही.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० पुरेल. ते १४५ वॅटचे आहे. आपल्या संपादनासाठी त्याचा आणखी एक उपयोग आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अंतिम व्हिडिओ तयार करताना कार्डातील स्वतंत्र एन्कोडर (व्हिडिओ संकुचित करणारा भाग) निवडता येतो, आणि तो निवडला की प्रोसेसरचा वेग पाच टक्के वाढवण्याची गरजच बहुतांशी संपते.

आता मुख्य मुद्दा. आपण भौतिकशास्त्र शिकवता, म्हणून सूत्रच मांडतो. प्रोसेसरची शक्ती ढोबळमानाने वारंवारता आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वारंवारता पाच टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० करावे लागले, तर वीज आणि उष्णता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. मोबदल्यात वीस मिनिटांचे रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करणे) एक मिनिटाने लवकर संपते. कुलर उष्णता खोलीतील हवेत सोडतो, म्हणून खोली जितके अंश तापेल जवळपास तितकेच अंश प्रोसेसरही तापतो : खोली ३० अंशांवर असताना प्रोसेसर ७५ दाखवत असेल, तर खोली ४४ झाल्यावर तो ८९ च्या आसपास जाईल. ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे आणि तेथे पोहोचताच तो स्वतःहून वेग कमी करतो. मार्चमध्ये मिरवलेले ओव्हरक्लॉकिंग मे महिन्यात असे आपोआप उतरते. माझे उतरले होते.

प्रतिसाद ४ :

एसएमपीएसबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. प्रोसेसरचे ८८, कार्डाचे १४५ आणि बाकीचे साठेक वॅट धरले तर बेरीज तीनशेच्या आत राहते, पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी त्याहून बरेच जास्त ओढते. नाव असलेल्या कंपनीचा ६५० वॅट, ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा एसएमपीएस घ्या. कॅबिनेटसोबत येणारा दुकानदारालाच परत द्या. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणून तो एक हजार व्हीएचा असू द्या. आणि सर्वांत आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय त्या दिवसापुरता बंद.

धागाकर्ती :

सर्वांची मनापासून आभारी आहे. व्होल्टेजच्या वर्गाचे उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार आहे. सूत्र उलट वाचले, तर एक प्रश्न उरतो : व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी केले आणि वारंवारता तीच राहिली, तर उष्णता वर्गाच्या हिशेबाने कमी व्हायला हवी. मग लोक ते का करत नाहीत?

प्रतिसाद ३ :

ताई, करतात, आणि आपल्यासाठी तेच योग्य ओव्हरक्लॉकिंग आहे. कारखान्यात प्रत्येक प्रोसेसरला थोडे जादा व्होल्टेज दिलेले असते, कारण त्या मालिकेतील सर्वांत दुबळा नगही ग्राहकाकडे चालला पाहिजे. आपला नग बरा निघाला, तर ते जादा व्होल्टेज काढून घेता येते. प्रोसेसर थंड राहतो आणि थंड राहिल्यामुळे त्याच मर्यादेत अधिक काळ वरच्या वेगावर टिकतो.

क्रम असा ठेवावा. बायॉस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावे. त्यानंतर फक्त एक्स्पो प्रोफाइल चालू करावे, कारण ते लावले नाही तर ६००० वेगाचा संच बहुधा ४८०० वरच चालतो आणि अनेकांच्या घरी तो वर्षानुवर्षे तसाच चाललेला असतो. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ च्या विनामूल्य आवृत्तीत चार फेऱ्या होतात. त्या चारही एकाही त्रुटीशिवाय पार पडेपर्यंत दुसरे काही बदलू नये. मग पीबीओमध्ये (एएमडीच्या ओव्हरक्लॉकिंग सुविधेत) व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर उघडून सर्व कोअरना उणे दहा पायऱ्या द्याव्यात. एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची असते. काही दिवस नेहमीचे काम करावे आणि मगच पुढे पाच पायऱ्या जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची, हे आपल्याला सांगायला नको; मुलाला मात्र सांगावे लागेल.

एक इशारा द्यायला हवा. एएमडीच्या नियमांप्रमाणे पीबीओ वापरल्यास प्रोसेसरची वॉरंटी बाधित होते. हे माहीत असू द्या आणि मग ठरवा.

प्रतिसाद २ :

एक्स्पो लावल्यावर बायॉसमध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकाच्या भागाचे व्होल्टेज) एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. २०२३ मध्ये काही मदरबोर्ड ते इतके चढवत होते की रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. नव्या बायॉसमध्ये ती आपोआप पाळली जाते. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डवर पाळली जाईलच असे नाही.

धागाकर्ती :

जुळणी होऊन तीन आठवडे झाले, म्हणून अहवाल देते. भाग आपण सुचवल्याप्रमाणेच घेतले. प्रथम वीज दिली तेव्हा पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. आम्ही दोघेही घाबरलो. मुलगा रॅम काढायलाच निघाला होता, पण पहिल्या वेळी डीडीआर५ मेमरीचे प्रशिक्षण (रॅमशी वेळ जुळवून घेणे) चालते आणि त्याला काही मिनिटे लागतात, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत छापलेले होते. आम्ही चहा घेतला. तोवर पडदा उजळला.

एक्स्पो पहिल्याच प्रयत्नात टिकले. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये मात्र माझ्या अपरोक्ष मुलाने थेट उणे तीस केले. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी सिनेबेंच चाचणी तासभर चालली, काही बिघडले नाही, त्यामुळे तो विजयी मुद्रेने हिंडत होता. दुसऱ्या रात्री कोणी काहीच करत नसताना संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि तिसऱ्या रात्रीही तेच झाले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअर त्रुटींच्या) नोंदी सापडल्या. भाराखाली टिकणारे यंत्र रिकामे असताना का कोसळावे?

प्रतिसाद ३ :

कारण पूर्ण भाराखाली सहाही कोअर तुलनेने कमी वेगावर चालतात. यंत्र जवळपास रिकामे असते तेव्हा एखादाच कोअर क्षणभर सर्वांत वरच्या वेगावर उडी घेतो, आणि नेमके तेथेच कापलेले व्होल्टेज अपुरे पडते. सिनेबेंचने हे सापडत नाही. कोअरसायकलर नावाचे साधन एकेका कोअरला स्वतंत्रपणे ताणते. ते रात्रभर लावून ठेवा. जो कोअर चुकेल, त्याच्यापुरतीच उणे संख्या कमी करा, बाकीच्यांना हात लावू नका.

धागाकर्ती :

तसेच केले. चार कोअर उणे वीसवर स्थिर आहेत, एक उणे पंधरावर, आणि एक हट्टी कोअर उणे पाचच्या पुढे जायला तयार नाही. माझ्या वर्गातही प्रमाण साधारण हेच असते. रेंडर करताना तापमान पूर्वीपेक्षा सहा अंशांनी कमी दिसते आणि वेग किंचित वाढलेलाच आहे.

प्रतिसाद ४ :

छान. डेझर्ट कुलरचा झोत कॅबिनेटच्या समोर सरळ येऊ देऊ नका. गार हवा हवीच आहे, पण त्या झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात आणि जड पाण्याचे क्षार बोर्डवर बसतात. शिवाय भर उन्हाळ्यासाठी पीपीटीची (प्रोसेसरच्या प्रत्यक्ष वीजवापराची) मर्यादा ८८ ऐवजी ६५ वॅट लिहून तीच मांडणी बायॉसमध्ये वेगळ्या प्रोफाइलखाली साठवून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी आकडे शोधावे लागणार नाहीत.

धागाकर्ती :

कुलर कोपऱ्यात सरकवला आहे. प्रोफाइलही दोन करून ठेवली. उन्हाळ्याच्या प्रोफाइलचे नाव मी ‘मे’ ठेवले. हिवाळ्याच्या प्रोफाइलला मुलाने ‘५.५’ असे नाव दिले आहे, आणि त्यावर संगणक ५.१ च्या वर जात नाही.