लेबल नको, मग हमाली कोणाची?

पाचवी_तार:
काल कर्वेनगरच्या जॅम रूममध्ये (आमची सरावाची खोली) आमच्या बँडमध्येच जुंपली. ड्रमर म्हणतो, अल्बमसाठी लेबल, म्हणजे गाणी बाजारात आणणारी कंपनी, गाठू. मी म्हणतो, कशाला? इंडियन ओशन बँडने २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' अल्बमची गाणी महिन्याला एक अशी फुकट डाउनलोडला दिली. दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवुड २०१९ ला जर्मनीत वाकनच्या संगीत महोत्सवात वाजवून आला, २०२२ चा 'रक्षक' अल्बम त्यांनी स्वतःच काढला. लेबल होतं का कुठे?

हिशेबी_पुणेकर:
अर्धीच गोष्ट सांगताय. इंडियन ओशन १९९० पासूनचं, आणि २००० चा 'कंदिसा' अल्बम टाइम्स म्युझिक या लेबलने काढलेला. ऐकणारे आधी जमले होते, मग फुकट वाटलं. ब्लडीवुडचा २०२५ चा अल्बमही फिअरलेस रेकॉर्ड्स या लेबलकडून आला. गरज नव्हती तर गेले कशाला?

पाचवी_तार:
नाव झाल्यावर गेले! नाव झालं की आपल्या अटींवर बोलता येतं.

आता_फक्त_श्रोता:
याला दुजोरा. आम्ही कॉलेज संपता संपता एका कंपनीला सही देऊन बसलो. चार गाणी रेकॉर्ड झाली, बाजारात एकही आलं नाही. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, त्यांच्या मालकीचे, त्यामुळे आम्हालाही काढता येईनात. बँड मोडला, मी हिंजवडीत रुजू झालो. मुलगी विचारते, बाबा, तुमचं गाणं लावा ना. काय लावू?

हिशेबी_पुणेकर:
वाईट झालं. पण तो दोष न वाचता केलेल्या सहीचा. ब्लडीवुडचा करण कटियार आधी कॉर्पोरेट वकील होता. तुमच्या बँडात आहे कोणी? आणि स्वतः काढून मिळतं काय? स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षाला १,००० स्ट्रीमच्या आतल्या गाण्याला दमडी नाही.

पाचवी_तार:
म्हणून तर गिग (लाइव्ह कार्यक्रम) आणि बँडचे टी-शर्ट. गेल्या शनिवारी सतरा खपले राव!

काठ्या_हरवलेला:
तो ड्रमर मीच. सतरा खपले, पण छापलेले साठ. उरलेले माझ्या पलंगाखाली आहेत, त्यातले बरेचसे एक्सएल. गिगचे अकरा हजार आले. साउंडवाल्याचे चार, टेम्पोचे दीड, पोस्टरचे आठशे, जॅम रूमची थकबाकी दोन. ही वही मी ठेवतो. कॅफेवाल्यांना फोन मी करतो, सकाळी अकराला, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून. लेबल नको म्हणतोस ना, ठीक. पुढच्या शनिवारचा टेम्पो तू ठरव. आणि चौघांना उचलायला वेळेवर आण, ड्रम तिसऱ्या मजल्यावर आहेत.