नवऱ्याला रेल्वे यार्डात इजा: फेडरल कोर्टात दावा लावावा का?

मीनल, शिकागो
माझा नवरा इथे मालगाड्यांच्या कंपनीत कंडक्टर आहे. मार्चमध्ये वॅगनचा हँडब्रेक आवळताना ब्रेकचं चाक अडकलं आणि एकदम सुटलं. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात अजून वर जात नाही. कंपनीचा क्लेम एजंट सारखा फोन करतो: जबाब रेकॉर्ड करू, चेक घ्या, सही करा. वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामावर इजा झाली की चूक कुणाची न बघता मिळणारी भरपाई, रेल्वेवाल्यांना नसतं म्हणे. फेडरल कोर्टात जावं का?

वसंत, नेब्रास्का
मीनलताई, सही अजिबात करू नका. मी मालगाडीवरूनच निवृत्त झालो, युनियनमध्ये अशा केसेस जवळून पाहिल्यात. आपल्याला लागू होतो तो १९०८चा फेला (FELA), म्हणजे रेल्वे कामगारांच्या इजेच्या भरपाईचा फेडरल कायदा. कंपनीचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, पण इजेला तो थोडासा कारणीभूत असला तरी पुरतो. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येही हेच धरलं.

आणि तुमच्याकडे तर हँडब्रेक आहे! त्याच्यासाठी वेगळा फेडरल सुरक्षा कायदा आहे. ब्रेक नीट चालला नाही, त्यामुळेच इजा झाली, एवढं सिद्ध झालं की हलगर्जीपणा वेगळा दाखवावा लागत नाही. कामगाराचीही चूक होती म्हणून भरपाई कापता येत नाही. त्यामुळे कंपनी म्हणणार, ब्रेक ठणठणीत होता, याचेच पाय नीट रोवलेले नव्हते. रेकॉर्डिंग त्यासाठीच हवंय. इजेचा रिपोर्ट भरावा लागतो, पण एजंटला जबाब द्यायची कायद्याने सक्ती नाही. वॅगनचा नंबर आधी शोधा. दुरुस्तीच्या नोंदी त्यावरूनच निघतात.

कोर्ट तुम्ही निवडायचं. राज्याच्या कोर्टात फेलाचा दावा लावला तर कंपनीला तो फेडरलमध्ये ओढून नेता येत नाही. फेडरलमध्ये ज्युरीचं एकमत लागतं, काही राज्यांत लागत नाही. युनियनकडे फेलाच्या वकिलांची यादी असते, त्यातल्याच कुणाला तरी विचारा. दावा लावायची मुदत ३ वर्षं.

मीनल, शिकागो
वसंतकाका, त्या दिवशीची स्विच लिस्ट (यार्डात हलवायच्या वॅगनची यादी) त्याच्या बॅगेत होती, नंबर मिळाला. पण दावा लावला तर नोकरी जाईल, ही भीती त्याच्या मनातून जात नाही.

रश्मी, न्यू जर्सी
मी वकिलाच्या ऑफिसात काम करते. इजा कळवली म्हणून कामावरून काढणं बेकायदा आहे. तसं झालंच तर १८० दिवसांच्या आत ओशाकडे (OSHA, कामगार सुरक्षेचं फेडरल खातं) तक्रार करा. घरखर्चासाठी रेलरोड रिटायरमेंट बोर्डाकडे (रेल्वेवाल्यांचं पेन्शन आणि भत्ते बघणारं सरकारी बोर्ड) आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज आजच भरा. पुढे भरपाई मिळाली की बोर्ड ती रक्कम त्यातून परत घेतं, तेवढा हिशोब धरा.