पोलिसांचा निधी कमी केला तर गुन्हे वाढतात का?

धुऱ्यावरचा विद्यार्थी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावच्या अभ्यासिकेत आम्ही सात-आठ जण स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. मागील आठवड्यात निबंधाच्या सरावासाठी ‘पोलिसांवरील खर्च कमी करावा काय’ हा विषय निघाला आणि अमेरिकेतील वादावरून आमच्यात दोन तट पडले. एका मित्राचे म्हणणे असे की, तिकडे २०२० मध्ये पोलिसांचा पैसा कापला आणि त्याच वर्षी खून वाढले, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? दुसऱ्याच्या मते पोलिसांच्या संख्येचा आणि गुन्ह्यांचा काहीच संबंध नसतो.

योगायोग असा की, हा वाद रंगला त्याच रात्री माझ्या काकांच्या विहिरीवरील मोटारपंपाची केबल कोणी तरी कापून नेली. सकाळी नाल्याच्या काठावर, वरचे प्लास्टिक जाळून तांबे काढल्याच्या काळ्या खुणा दगडांवर दिसल्या. काकांनी तक्रार दिली नाही, कारण ठाणे अठरा किलोमीटरवर आहे आणि दोन फेऱ्यांत बुडणारी मजुरी त्यांना केबलपेक्षा महाग वाटली. जाणकारांनी कृपया सांगावे की, या दोन मित्रांपैकी बरोबर कोण, आणि तो वाद आपल्याकडे लागू तरी होतो काय?

जुनी कात्रणे

आपल्या पहिल्या मित्राने घटनांचा क्रम तपासलेला दिसत नाही. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय व्यक्तीचा मृत्यू २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात पोलिसांच्या हातून झाला आणि पोलिसांचा निधी काढून घेण्याच्या मागणीने त्यानंतर जोर धरला. त्या वर्षी अमेरिकेतील खून आधीच्या वर्षापेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले हे खरे आहे. परंतु ही वाढ उन्हाळ्यातच दिसू लागली होती, तेव्हा अनेक शहरांची नवी अंदाजपत्रके लागूही झालेली नव्हती, आणि ज्या शहरांनी निधीला हात लावला नाही तेथे, तसेच ग्रामीण भागातही, खून वाढलेच.

शिवाय प्रत्यक्षात कापले किती, हेही पाहावे. मिनियापोलिसच्या नगर परिषदेतील बहुसंख्य सदस्यांनी जून २०२० मध्ये पोलीस विभागच मोडीत काढण्याची घोषणा केली, पण डिसेंबरमध्ये सुमारे १८ कोटी डॉलरच्या तरतुदीतून अवघे ८० लाख डॉलर इतरत्र वळवले गेले, आणि विभाग बदलण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी फेटाळला. तेथे मनुष्यबळ घटले ते मुख्यतः नोकरी सोडून जाणाऱ्यांमुळे. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने सुमारे एक तृतीयांश कपात जाहीर केली, त्यातील मोठा भाग केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दाखवायचा होता, आणि पुढच्याच वर्षी राज्याने कपातीविरुद्ध कायदा केल्यावर निधी पूर्ववत झाला. म्हणजे ज्या प्रयोगाच्या निकालावर एवढे भांडण चालले आहे, तो प्रयोग नीट झालाच नाही.

म्हणून आपला दुसरा मित्र बरोबर ठरतो, असे मात्र नाही. न्यू जर्सीतील कॅम्डेन शहराने आर्थिक अडचणीमुळे जानेवारी २०११ मध्ये जवळजवळ निम्मे पोलीस कमी केले, आणि २०१२ मध्ये त्या लहानशा शहरात ६७ खून झाले, जो तेथील उच्चांक होता. २०१३ मध्ये जुने दल बरखास्त करून काउंटीचे (म्हणजे तेथील जिल्ह्याचे) नवे दल उभारले गेले; ‘पोलीस बरखास्त केले तरी गुन्हे घटले’ असे उदाहरण म्हणून ते हल्ली सांगितले जाते, पण नव्या दलात रस्त्यावरचे पोलीस वाढले होते, हे सांगणारे सोयीस्कर विसरतात. ॲरन चॅल्फिन हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, दर १० ते १७ वाढीव पोलिसांमागे वर्षाला साधारण एक खून टळतो. मात्र त्याच वाढीव पोलिसांमुळे किरकोळ कारणांच्या अटकाही वाढतात आणि त्यांचा भार कृष्णवर्णीयांवर अधिक पडतो.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो कॅन्सस सिटीतील १९७२-७३ चा प्रयोग. तेथे काही बीटांतील (पोलिसांना नेमून दिलेल्या हद्दींतील) नेहमीची गस्त पूर्ण बंद ठेवली, काहींत दुप्पट-तिप्पट केली, उरलेल्यांत होती तशी राहू दिली. वर्षभरानंतर गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. इतकेच नव्हे, तर गस्त बदलल्याचे बहुतेक रहिवाशांच्या लक्षातही आले नव्हते. याउलट, गुन्हे जेथे वारंवार घडतात अशा मोजक्या ठिकाणी लक्ष एकवटल्यास ते घटतात, हे पुढे १९८८-८९ मध्ये त्याच मिनियापोलिसमध्ये दिसून आले. तेव्हा पोलीस किती यापेक्षा ते कोठे उभे आहेत, हा प्रश्न आधी विचारावा.

निवृत्त बीट जमादार

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मी बत्तीस वर्षे याच भागात नोकरी केली, त्यामुळे केवळ पाहिलेले सांगतो. आपल्याकडे शासनाने एक रुपयाही न कापता ठाण्याची कपात दरवर्षी होते. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असते आणि त्याच्या बंदोबस्तासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही मनुष्यबळ मागवले जाते. नेमका तोच हंगाम कापूस वेचणीचा, तुरीच्या जागलीचा आणि हरभऱ्याच्या ओलिताचा, म्हणजे वावरात माल आणि विहिरीवर केबल असण्याचा. त्या दिवसांत आमच्या ठाण्यात ठाणेदार, ठाणे अंमलदार आणि दोन-तीन शिपाई, एवढ्यांवर पन्नासेक गावे असत. मग रामनवमीची पोहरादेवीची यात्रा, गणपती, निवडणुका. उरलेल्या वेळात समन्स-वॉरंट बजावायचे, मुद्देमाल प्रयोगशाळेत पोहोचवायचा, आणि त्यानंतर तपास.

सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्येच तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांचे मनुष्यबळ वेगळे करण्यास सांगितले होते. माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या ठाण्यात हे वेगळेपण केवळ कागदावर होते.

केबलचोरीपुरते बोलायचे तर रात्रीच्या गस्तीने ती थांबत नाही. जीपचा दिवा चोराला दोन किलोमीटरवरून दिसतो. एका रब्बीत मी गस्त बाजूला ठेवून बीटातील तीन भंगारवाल्यांकडे दर आठवड्याला जाऊन बसू लागलो. जळके तांबे कोणी आणले, एवढेच विचारायचे. त्या हंगामात तक्रारी जवळजवळ आल्या नाहीत. त्याचे श्रेय माझेच, असा दावा मी करणार नाही, कारण मध्येच माझी ड्युटी नागपूरला लागली आणि पुढचे मला पाहता आले नाही.

मात्र सोयाबीनच्या गंजीला रात्री आग लावणारा बहुधा शेजारच्या धुऱ्यावरचाच (बांधावरचाच) असतो. त्यासाठी भंगारवाला कामाचा नाही आणि गस्तही कामाची नाही. धुऱ्याची मोजणी कोणाची अडली आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो पोलीस पाटीलच कामाचा.

वर्धेची लेक

जमादार काकांचे म्हणणे पटते, तरी एक बाजू राहून गेली. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. कायदा आला, पण तो राबवणारे हात त्या प्रमाणात आले नाहीत, त्यामुळे मोहाच्या सडव्याचे (दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचे) ड्रम फोडण्यात ठाण्याचा दिवस जातो आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटते. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवताना शासनाने अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचेच कारण दिले, डॉ. अभय बंग यांनी त्या निर्णयाला विरोध केला आणि मीही त्यांच्याच बाजूची आहे.

निधी काढून समुपदेशनाकडे वळवा, हे ऐकायला चांगले वाटते. पण माझ्या शेजारणीला नवरा मारत होता तेव्हा मी ११२ वरच फोन लावला, दुसरे होते कोण? गाडी दीड तासाने आली, सोबत महिला पोलीस नव्हती, त्याला दोन शब्द सुनावून गाडी परत गेली. तेव्हा मला पोलीसही हवे होते आणि पोलिसांनंतर येणारे कोणीतरीही. अमेरिकेत डेन्व्हर शहराने २०२० पासून काही फोनवर पोलिसांऐवजी आरोग्यसेवक पाठवले आणि तेथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी घटल्याचे वाचले आहे. पण तेथे ते पाठवायला माणसे आहेत. आमच्या आरोग्य उपकेंद्राला रात्री कुलूप असते.

धुऱ्यावरचा विद्यार्थी

सर्वांचे आभार. जमादार काका, एकच शंका आहे. माझ्या काकांसारखे लोक तक्रारच देत नसतील, तर गुन्हे वाढले की घटले हे कोणत्या आकड्यांवरून ठरवायचे?

निवृत्त बीट जमादार

शंका अगदी योग्य आहे. आमच्या बीटात केबलचोरी नाही, असा अहवाल मी स्वतः पाठवलेला आहे, आणि मनुष्यबळ मागताना तोच अहवाल आमच्यापुढे ठेवला गेला. जिल्ह्याचे आकडे असेच जुळत जातात. खुनाचे प्रेत लपत नाही, म्हणून जगभर अभ्यासक खुनाच्या आकड्यांवर अधिक विसंबतात. केबलचा आकडा तक्रारीशिवाय जन्मालाच येत नाही.

काकांना उद्या सकाळी मोटारसायकलवर घेऊन जा, म्हणजे त्यांची एसटीची वाट पाहणे टळेल. केबल किती मीटर होती, पावती असल्यास ती, आणि नाल्यावरच्या जळक्या जागेचा फोटो सोबत ठेवा. पाऊस येण्याआधी फोटो काढून घ्या. तक्रारीची प्रत मागितल्याशिवाय उठू नका.